हत्तीपुढे दिवस

‘डोंगराला लोखंडाची कीड लागली की दिल्लीत उतरा, अक्षरं ५.’ हे सूत्र वाचलं की मन लगेच कामाला लागतं. डोंगर येतो, खाण येते, दिल्ली म्हटल्यावर कुतुबमिनारजवळचा न गंजणारा लोहस्तंभही येतो. उत्तराचा या चित्राशी काही संबंध नाही. डोंगर म्हणजे पहाड, लोखंडाची कीड म्हणजे गंज. नवी दिल्ली स्टेशनातून पश्चिमेच्या बाजूला बाहेर पडलं की समोर लागतं ते पहाडगंज. याच वस्तीत नूतन मराठी विद्यालय आहे. तिथल्या मुलांच्या कानावर रस्त्यात पडणारा ‘गंज’ बाजाराचा असतो आणि मराठीच्या तासाला भेटणारा ‘गंज’ खिळ्यावरचा. असे दुहेरी शब्द म्हणजे गूढ शब्दकोड्याचं भांडवल.

आपल्या दैनिकांत येणारं नेहमीचं शब्दकोडं बहुधा समानार्थी शब्द विचारतं. गूढ शब्दकोड्याचं सूत्र दोन तुकड्यांचं असतं. एका टोकाला उत्तराचा अर्थ आणि उरलेल्या भागात ते उत्तर अक्षरांनी कसं जुळवायचं याची कृती. दोन्ही वाटा एकाच उत्तराशी पोचल्या पाहिजेत, हा नियम. मात्र अर्थ कुठे संपतो आणि कृती कुठे सुरू होते, हे सांगायचं नाही. साधी सूत्रं अशी: ‘वार उलटला, आता शिरा करा’ म्हणजे रवा. ‘पिसात गा, महिन्याकाठी मिळेल’ म्हणजे पगार, कारण पीस म्हणजे ‘पर’ आणि त्याच्या पोटात ‘गा’.

आता एक अवघड सूत्र जरा जवळून पाहू. ‘हत्तीपुढे दिवस काढून पंढरीला पायी जाणारा, अक्षरं ४.’ वाचणाऱ्यापुढे लगेच माहूत उभा राहतो, बिचाऱ्याचे दिवस हत्तीच्या चाकरीत चाललेले. ‘दिवस काढणे’ हा वाक्प्रचार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की ‘काढून’चा अर्थ इथे ‘लिहून’ असेल, जसं आपण अक्षर काढतो, हे सुचतच नाही. ‘पुढे’ म्हणजे शब्दातली आधीची जागा, हेही नाही. हत्तीसाठी संस्कृतातला ‘करी’ आठवला, दिवसासाठी ‘वार’ आला आणि वार करीच्या आधी मांडला, की वारकरी समोर उभा राहतो. मग कळतं, की यातला एकही शब्द आपल्याला नवा नव्हता. जे अडलं ते आपण पहिल्या झटक्यात रचलेल्या अर्थामुळे अडलं.

अवघड कोड्याचा खरा कस इथे लागतो. शब्दसंग्रह हवाच, पण तो पुरत नाही. आपला मेंदू वाक्य ऐकता ऐकताच अर्थ लावून टाकतो. तो तसा नसता तर साधं बोलणंही कठीण झालं असतं. कोडं सोडवताना मात्र याच सवयीवर मात करावी लागते. १९४२ मध्ये अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने पाणी मोजण्याच्या कोड्यांवर प्रयोग केले. एकच लांबलचक पद्धत लागू पडणारी काही उदाहरणं आधी सोडवली, की पुढच्या उदाहरणात दोन पायऱ्यांचं सोपं उत्तर समोर असूनही बहुतेक लोक जुनीच पद्धत वापरत राहिले. माहीत असलेला रस्ता दुसरा रस्ता दिसू देत नाही.

आणि मग अचानक उत्तर दिसतं. त्या क्षणी मेंदूत काय होतं, हे मार्क बीमन, जॉन कौनिओस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शोधलं. त्यांनी लोकांना तीन-तीन शब्द दिले आणि तिन्हींशी जुळणारा चौथा विचारला. मराठीत बोलायचं तर पाय, आड आणि पळ: उत्तर ‘वाट’. उत्तर एकेक शक्यता तपासत आलं की एकदम सुचलं, हे ज्याने त्याने सांगायचं. एकदम सुचलेल्या उत्तराआधी साधारण ०.३ सेकंद, उजव्या कानाच्या वरच्या अंगाला मेंदूच्या एका वळीत वेगवान विद्युतलहरींचा लोट उठलेला दिसला. त्याच्याही आधी, मेंदूच्या मागच्या बाजूला दृश्य हाताळणाऱ्या भागात संथ अल्फा लहरी वाढल्या होत्या. डोळे मिटले की वाढतात त्याच या लहरी. म्हणजे उत्तर सुचण्यापूर्वी मेंदू बाहेरून येणारी माहिती क्षणभर कमी करतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. कठीण सूत्रापाशी माणसं छताकडे का बघत बसतात, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला ठाऊक नाही. २०१६ मधल्या आणखी एका अभ्यासात असं आढळलं, की एकदम सुचलेली उत्तरं पायरीपायरीने काढलेल्या उत्तरांपेक्षा जास्त वेळा बरोबर असतात.

हे कोणाला चांगलं जमतं? बकिंगहॅम विद्यापीठातल्या कॅथरिन फ्रीडलँडर आणि फिलिप फाइन यांनी २०१६ मध्ये ८०५ कोडेबहाद्दरांची पाहणी प्रसिद्ध केली. तरबेज मंडळींत भाषेच्या प्राध्यापकांचा भरणा असेल असं वाटावं, पण तिथे गणित, विज्ञान आणि संगणकवाल्यांचं वजन मोठं होतं. मला हे पटतं. ‘वारकरी’ सोडवताना शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याच्याकडे निव्वळ चिन्ह म्हणून बघावं लागतं, आणि बीजगणित करणाऱ्याला ती सवय असते.

या प्रकाराचा पाया घालणारा एडवर्ड पॉविस मॅथर्स हा इंग्रज ‘टॉर्कमादा’ या टोपणनावाने १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचत होता. त्याआधी, १९१९ मध्ये, त्यानेच बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चं इंग्रजी रूपांतर केलं होतं. संस्कृत काव्य हाताळलेला माणूस पुढे इतकी अवघड कोडी रचतो, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. १९३४ मध्ये त्याने ‘केन्स जॉबोन’ ही शंभर पानांची रहस्यकथा पानं मुद्दाम उलटसुलट छापून दिली. क्रम लावा आणि सहा खुनांचे गुन्हेगार शोधा! शंभर पानांचे क्रम किती होतात? १५८ अंकी संख्येइतके. एकेक क्रम तपासणं कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचं, त्यामुळे वाचून, अर्थ लावूनच ते सुटतं. त्या काळी दोघांनाच ते सुटलं.

यंत्रांचीही परीक्षा झाली आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी ब्रिटिश दैनिकांतली पाच लाखांवर गूढ सूत्रं गोळा केली आणि त्यांवर एका मोठ्या भाषा-प्रतिमानाला शिकवलं. शंभरातली आठ सूत्रंही त्याला धड सुटली नाहीत. त्यानंतरची प्रतिमानं बरीच पुढे गेली आहेत.

मराठीत गूढ शब्दकोडं का रुजलं नाही? याचं एक कारण मला चौकटीत दिसतं. माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन याने १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शब्दकोड्याचा हिशेब मांडला आहे. भाषेत जितका अनावश्यक पुनरुक्तीचा भाग जास्त, तितकी आडव्या-उभ्या शब्दांची दाट चौकट रचणं कठीण. आता इंग्रजी घरात २६ अक्षरांपैकी एक येतं. आपल्या घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, आणि जोडाक्षरं सोडली तरी बाराखडीच चारशेच्या वर जाते. ‘र’ जुळतो, पण हवा असतो ‘री’. रचणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. सोडवणाऱ्याला मात्र आडव्या शब्दातून मिळालेलं एक अक्षर चार घरांच्या शब्दाचं निम्मं गुपित फोडून देतं. म्हणून मराठी कोड्याची अवघडता चौकटीतून येणार नाही, ती सूत्रातूनच आणावी लागेल.

आणि ती कला आपल्याकडे जुनी आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार मोजले. व्यासांनी गणपतीला विचारात पाडण्यासाठी कूटश्लोक घातले, अशी कथाच आहे. बारामतीच्या मोरोपंतांनी ओठ न मिटता म्हणता येणारं ‘निरोष्ठ रामायण’ रचलं. असले अक्षरांचे खेळ खेळलेल्या भाषेत चांगलं गूढ शब्दकोडं दुर्मीळ असावं, याची मला मनापासून खंत वाटते.

स्मरणशक्तीच्या फायद्याबद्दल मात्र जपून बोलायला हवं. २०२२ मध्ये दावणगेरे देवानंद आणि मुरली दोरायस्वामी यांच्या चमूने विसरभोळेपणाची सौम्य तक्रार असलेल्या १०७ जणांचा ७८ आठवडे अभ्यास केला. संगणकावरच्या मेंदूच्या खेळांपेक्षा शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्थिती बरी राहिली. पण ती साधी कोडी होती आणि काहीच न करणारा तिसरा गट तुलनेला नव्हता. औषध म्हणून कोडी विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

माझी विनंती मराठी पुरवण्यांच्या संपादकांना आणि मराठीच्या शिक्षकांना आहे. आठवड्याला एक गूढ शब्दकोडं छापा. सूत्रं रचण्याचं काम मुलांकडे द्या, पुण्याच्या मुलांकडे द्या तसंच पहाडगंजच्या मुलांकडेही. सूत्र सोडवण्यापेक्षा रचताना भाषा जास्त कळते. सुरुवातीला एवढंच सांगा: दोन अक्षरांचा असा शब्द शोधा, जो उलटा वाचला तरी अर्थ देतो. ‘नदी’ त्यांना आपोआप सापडेल.