दुसऱ्या गळ्यातलं गाणं

मूळ गाणं हाताशी असताना तेच गाणं दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून कशाला ऐकायचं, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी हा लेख ओलांडून खुशाल पुढच्या कथेकडे जावं. आम्हा संग्राहकांचा संसार नेमका याच नसत्या उद्योगावर चालतो. एकच गाणं पाच जणांनी गायलेलं असेल, तर आम्हाला पाचही हवीत. त्यातलं एखादं बेसूर असेल तर ते आधी हवं, कारण ते कुणी जपून ठेवलेलं नसतं.

या छंदाचा एक नियम आहे. शब्द तेच हवेत, चाल तीच किंवा निदान ओळखू येणारी हवी आणि गळा दुसरा हवा. परदेशी धून उचलून तिच्यावर हिंदी शब्द बसवले तर ती उचलेगिरी. तिचा संग्रह करणारे वेगळे, आणि त्यांच्याकडे माल भरपूर आहे. दुसऱ्या भाषेत गेलेलं गाणंही मी वेगळ्या कप्प्यात ठेवतो. आम्ही ज्याला 'व्हर्जन' म्हणतो आणि हल्लीची मुलं 'कव्हर' म्हणतात, ते यांहून निराळं.

मराठी माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. आपली नाट्यसंगीताची परंपरा याच पायावर उभी आहे. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान'चं उदाहरण घ्या. नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पुढे बळवंत संगीत मंडळीत मास्टर दीनानाथांनी हेच नाटक केलं तेव्हा काही पदांच्या चाली सरळ बदलल्या. शब्द तेच, नाटक तेच, प्रवेशही तोच, पण गाणं आक्रमक आणि पंजाबी वळणाच्या तानांचं झालं. आज आपण मैफलीत ऐकतो त्यातली काही पदं टेंब्यांच्या चालीत नसून दीनानाथांच्या चालीत आहेत, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं? दीनानाथांचं ते गाणं पुढे वसंतराव देशपांड्यांनी आपल्या पद्धतीनं घेतलं, आशाबाईंनी आपल्या. आता यातलं मूळ कोणतं म्हणायचं? नाटक कंपन्यांच्या काळात कुणी हा प्रश्न विचारत नसे. पद नाटकाचं असायचं, जो पार्ट करील तो ते गाणार. ८ जुलै १९२१ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी संयुक्त 'मानापमान' केलं, त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण नाही, ही माझ्यासारख्यांची कायमची हळहळ. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केशवराव गेले, त्यामुळे दुसरी संधीही राहिली नाही.

'कट्यार काळजात घुसली'त तर ही गंमत नाटकाच्या पोटातच आहे. १९६७चं हे नाटक दरव्हेकरांचं, संगीत अभिषेकींचं. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन निरनिराळ्या चालींत येतं, आणि दोन घराण्यांचं भांडण प्रेक्षकाला संवादांवाचून कळतं. २०१५ साली चित्रपट आला तेव्हा नाटकात गायलेल्या वसंतरावांच्या जागी त्यांचे नातू राहुल देशपांडे गायले. आजोबांची तान नातवानं घ्यायची आणि ती आजोबांसारखी वाटूही द्यायची नाही, हे काम किती अवघड आहे ते दोन्ही मुद्रणं पाठोपाठ लावल्याशिवाय कळत नाही.

पाठोपाठ लावून ऐकण्याचा सर्वांत मोठा आनंद मला कुमार गंधर्वांच्या 'मला उमजलेले बालगंधर्व'नं दिला. आधी बालगंधर्वांची ७८च्या वेगाची तबकडी लावावी. एका बाजूला मिळतात तीन-साडेतीन मिनिटं. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत जे पद रात्र खाऊन टाकायचं, ते इथं घाईघाईनं मिटवलेलं असतं, तरी शब्दावरचा तो लडिवाळ भार आणि लयीशी चाललेली लपाछपी लपत नाही. मग कुमारांची एल.पी. लावावी. तो आवाज वेगळ्याच धातूचा. क्षयाच्या दुखण्यातून उठलेला, लांब श्वासाचा हट्ट सोडून छोट्या, टोकदार स्वरवाक्यांत बोलणारा. बालगंधर्वांचा गोडवा उचलण्याचा प्रयत्न ते कुठेही करत नाहीत. ते घेतात ती शब्द टाकण्याची जागा. बालगंधर्व जिथं अक्षर किंचित मागे धरतात, तिथंच कुमारही धरतात, आणि मग स्वतःच्या वाटेनं निघून जातात. त्यानंतर पुन्हा जुनी तबकडी लावली की तिच्यात आधी कधीच न ऐकू आलेल्या जागा ऐकू येऊ लागतात. माझ्या लेखी चांगल्या व्हर्जनची कसोटी हीच. त्यानं मूळ गाणं पुन्हा ऐकायला भाग पाडलं पाहिजे.

'गीतरामायणा'त याच्या अगदी उलटं घडलं. पुणे आकाशवाणीवरून १९५५च्या रामनवमीपासून वर्षाहून थोडा अधिक काळ ही ५६ गीतं आठवड्याला एक अशी प्रसारित झाली, तेव्हा ती अनेक गळ्यांची होती. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक अशी मंडळी आपापल्या पात्रासाठी गायली. पुढे सुधीर फडके एकटे सगळी गीतं गाऊ लागले, त्यांच्याच आवाजात तबकड्या निघाल्या आणि घराघरांत तोच आवाज मूळ म्हणून बसला. संगीतकारच स्वतःच्या गाण्यांचा व्हर्जन गायक झाला आणि त्यानं मूळ गायकांना मागे टाकलं, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. फडक्यांचं गाणं थोर आहेच. पण सीतेचं दुःख बाईच्या आवाजात ऐकण्याची सवय आपण गमावली, हेही खरं.

सिनेमाच्या गाण्यांत प्रकरण धंद्याचं होतं. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात पडद्यावरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणं एक असेलच असं नसे. तबकडीसाठी ते पुन्हा गायलं जाई, कधी दुसऱ्याच कुणाकडून. 'यंग इंडिया' या मुंबईच्या स्वस्त लेबलनं तर गाजलेली गाणी नवख्या गायकांकडून गाऊन घेऊन विकली. मूळ तबकडी न परवडणाऱ्या घरात ती जात. लेबलवरच्या नावांचा भरवसा तेव्हा मूळ तबकड्यांवरही नव्हता. १९४९च्या 'महल'मधल्या लताच्या अजरामर गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलेलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव!

दुसऱ्याचं गाणं गायचा हा परवाना कायद्यात आला तो यंत्रामुळे. अमेरिकेत भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो आले. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही गुंडाळी म्हणजे गाण्याची प्रत नव्हे, असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी संसदेनं कायदा बदलून संगीतकाराला हक्क दिला. पण एखाद्या बड्या कंपनीनं सगळी गाणी दाबून बसू नये म्हणून एक पाचर मारून ठेवली. एकदा गाण्याचं मुद्रण झालं की ठरलेले पैसे भरून दुसऱ्या कुणालाही ते मुद्रित करता येईल, दर प्रतीला दोन सेंट. ब्रिटिशांनी १९११च्या कायद्यात अशीच तरतूद घातली, ती आपल्याकडे आली आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये जाऊन बसली. पुढचं सगळं रामायण या कलमानं घडवलं.

तिकडे या परवान्यानं काय काय घडलं त्याचं एकच उदाहरण देतो. लिओनार्ड कोहेनचं 'हालेलुया' १९८४चं. ते ज्या अल्बमात होतं तो अमेरिकेत काढायलाच त्याच्या कंपनीनं नकार दिला होता. १९९१मध्ये जॉन केलनं कोहेनकडून कडव्यांची भेंडोळी फॅक्सवर मागवली, त्यातून आपल्याला हवी ती निवडली आणि पियानोवर गायला. ते ऐकून १९९४मध्ये जेफ बकली गायला. आज जग जे गाणं ओळखतं ते बकलीचं, म्हणजे व्हर्जनचं व्हर्जन. २००८च्या नाताळात ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर अलेक्झांड्रा बर्कचं 'हालेलुया' होतं आणि दुसऱ्यावर बकलीचं. कोहेनचं मूळ गाणं फार मागे होतं. मला कोहेन, केल आणि बकली या तिघांचीही आवडतात, पण घरी पाहुण्याला ऐकवायचं झालं तर मी केलचं लावतो.

आता आपल्याकडची कॅसेट. दिल्लीच्या दर्यागंजात वडिलांच्या रसाच्या दुकानावर बसणाऱ्या गुलशनकुमारांनी टी-सीरिज उभी केली. रफी, किशोर, मुकेशचा खजिना होता एच.एम.व्ही.च्या ताब्यात. मागणी प्रचंड, पण कॅसेट महाग, आणि छोट्या गावात मिळेलच असं नाही. गुलशनकुमारांनी कलम ५२चा आधार घेतला, नव्या गायकांना स्टुडिओत उभं केलं आणि तीच गाणी स्वस्तात बाजारात आणली. पानाच्या गादीवर, एस.टी. स्टँडवर, रसवंतीवर जी गाणी वाजत होती त्यातली कितीतरी ही होती.

माझ्याकडच्या अशा एका कॅसेटचं वेष्टन वर्णन करतो. वर हिरोचा भलामोठा फोटो. खाली सिनेमाचं नाव ठसठशीत अक्षरांत. गायकाचं नाव शोधायला भिंग लागतं, ते घडीच्या आत, गाण्यांच्या यादीखाली. कॅसेट वाजवली की पहिल्याच म्युझिक पीसला फरक कळतो. जिथं चाळीस व्हायोलिनं होती तिथं एक कीबोर्ड आहे, ढोलकी मात्र खरी आहे. एका बाजूला जितकी मिनिटं तितकीच गाणी बसवायची, म्हणून कुठं एक अंतरा उडवलेला, तर कुठं शेवटचं गाणं मध्येच ओसरत गेलेलं. गायक जीव तोडून गातोय. त्याला सांगितलेलं आहे की स्वतःसारखं गायचं नाही.

'रफी की यादें'वाला सोनू निगम याच शाळेतून निघाला. किशोरच्या गाण्यांनी कुमार सानूला हात दिला, अनुराधा पौडवालांनी लताची कितीतरी गाणी पुन्हा गायली. सोनूचं स्वतःचं म्हणून गाजलेलं पहिलं मोठं गाणं 'अच्छा सिला दिया' हेही पाकिस्तानच्या अताउल्ला खान इसाखेलवींचं! सगळ्यांचं नशीब त्याच्यासारखं नव्हतं. अनेक जण आयुष्यभर दुसऱ्याच्या आवाजाचे नोकर राहिले.

'हम आपके हैं कौन'च्या व्हर्जन कॅसेटवरून एच.एम.व्ही. आणि टी-सीरिज दिल्ली उच्च न्यायालयात भांडल्या. मुद्दा गाण्यापेक्षा वेष्टनाचा होता. गिऱ्हाईक फसू नये, हे मूळ ध्वनिमुद्रण नाही असं ठळकपणे छापा, असा न्यायालयाचा रोख होता आणि तो रास्तच होता. मात्र एच.एम.व्ही.नं सोवळ्याचा आव आणावा हे मला पटत नाही. १९९२ साली त्याच कंपनीनं 'श्रद्धांजली' काढली. त्यात लताबाई सैगल, रफी, मुकेश, किशोर, गीता दत्त यांची गाणी गायल्या. ती व्हर्जन नव्हेत तर काय? अल्बम म्हणाल तर बेताचा. सैगलच्या गाण्यांत लताबाई अदबीनं वागतात, आणि अदबीनं गायलेलं व्हर्जन सहसा फिकं पडतं. त्यापेक्षा आशाबाईंनी २००५मध्ये क्रोनोस क्वार्टेटबरोबर आर. डी. बर्मन यांच्या चालीतली स्वतःचीच गाणी पुन्हा गायली ती ऐका. सत्तरी ओलांडलेल्या बाई स्वतःच्याच तरुण आवाजाशी पंगा घेतात.

सगळीकडे इतकी मोकळीक नव्हती. रवींद्रसंगीतावर विश्वभारतीच्या संगीत मंडळाचा पहारा होता. स्वरलिपीबाहेर गेलेलं मुद्रण अडवलं जाई. देवव्रत विश्वासांसारखा गायक या जाचाला कंटाळून ध्वनिमुद्रणापासून दूर झाला. २००१ अखेर टागोरांचा कॉपीराइट संपला तेव्हा बंगालमध्ये काहींना धर्म बुडाल्यासारखं वाटलं. बुडाला नाही.

रीमिक्सबद्दल फार लिहीत नाही. २००२च्या 'काँटा लगा'नं काय केलं ते सर्वांनी टीव्हीवर पाहिलं आहे, ऐकलं कमी जणांनी. त्याच वर्षी ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये लताचा 'ज्योती'मधला आवाज सरळ कापून वापरला गेला, आणि बप्पी लाहिरींना तिथल्या न्यायालयात जाऊन स्वतःचं नाव मिळवावं लागलं. २०१२च्या दुरुस्तीनं आपल्याकडे व्हर्जनसाठी पाच वर्षांची वाट पाहणं आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी बंधनकारक झाली. छोट्या कंपनीला ते झेपणारं नव्हतं. स्वस्त व्हर्जनचा धंदा तोवर आधीच मोडकळीला आला होता. कायद्यानं दार लावून घेतलं इतकंच. आता हक्क ज्याच्याकडे आहे ती कंपनी स्वतःच जुनं गाणं नव्यानं 'रिक्रिएट' करते. २०२०मध्ये 'मसकली'चं असं काही झालं तेव्हा रहमाननं जाहीर नाराजी दाखवली. मला ती पूर्ण पटली.

गिटार मांडीवर घेऊन खोलीतल्या दिव्याखाली जुनी गाणी संथ करून गाणारी आजची मुलं मी ऐकतो. बहुतेक सगळी एकाच तऱ्हेनं उदास होतात. क्वचित एखादी मुलगी 'आज जाने की ज़िद ना करो' असं गाते की हात थांबतो. ते गाणं १९७३च्या एका पाकिस्तानी सिनेमात हबीब वली मोहम्मद गायले होते आणि फरीदा खानुमनं ते आपलं करून टाकलं, हे तिला माहीत असो वा नसो.

जाता जाता वाचकांकडे एक मागणं. दिवाळीच्या साफसफाईत कॅसेटचे खोके भंगारात निघतात. टेप बुरसलेली असेल तर जाऊ द्या, पण वेष्टनाचा तो कागद टाकू नका. त्या गायकांची नावं बहुतेक वेळा तिथंच आणि तेवढीच छापलेली आहेत. गाणं इंटरनेटवर चढवलं जातं तेव्हा सिनेमाचं नाव आणि मूळ गायकाचं नाव लागतं, गायलेल्या माणसाचं लागत नाही. कागदाचा मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचा, आणि घडीच्या आतल्या बारीक अक्षरांचा वेगळा. मग कॅसेट खुशाल भंगारवाल्याला द्या, नाहीतर आमच्यासारख्या कुणाला कळवा.