चेहऱ्यावरचा उजेड : फोटोची वेळ आणि जागा

मोकळ्या जागेत काढायच्या पोर्ट्रेटचा निम्मा निकाल कॅमेरा हातात घेण्याआधीच लागलेला असतो. दिवस, तास आणि जागा ठरली की चेहऱ्यावर उजेड कुठून येणार, तो किती प्रखर असणार आणि पाठीमागे काय दिसणार, हे जवळजवळ ठरून जाते. लग्नाआधीचे जोडप्याचे फोटो असोत, बाळाचा पहिला वाढदिवस असो की आजी-आजोबांसह सगळ्या कुटुंबाचा फोटो, दिवस, तास आणि जागा या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्र करावा लागतो.

सर्वांत आधी पाहायची ती सूर्याची उंची. सूर्य डोक्यावर असला की भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, नाकाखाली काळा डाग उमटतो, कपाळ आणि गालांची हाडे पांढुरकी दिसतात. सूर्य खाली उतरला की उजेड समोरून किंवा बाजूने येतो आणि डोळे स्पष्ट दिसू लागतात. याची साधी परीक्षा स्वतःच्या सावलीवरून करता येते. सावली आपल्या उंचीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर असतो. ती उंचीच्या दुप्पट झाली की सूर्य सुमारे २७ अंशांवर आलेला असतो आणि चेहऱ्यावरच्या सावल्या सौम्य होऊ लागतात. सावली उंचीपेक्षा आखूड असताना उन्हात उभे राहून पोर्ट्रेट काढणे टाळलेले बरे.

क्षितिजाजवळच्या सूर्याचे किरण वातावरणाचा जास्त जाड थर ओलांडून येतात. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो, पिवळा-नारिंगी उरतो. त्याची तीव्रताही कमी झालेली असते, म्हणून समोर पाहताना डोळे मिचकावावे लागत नाहीत. छायाचित्रकार ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात तो हाच काळ. मात्र परदेशी पुस्तकांतला हा ‘तास’ महाराष्ट्रात तासभर टिकत नाही. विषुववृत्ताच्या जितके जवळ जावे तितका सूर्य अधिक सरळ खाली उतरतो. मुंबईत ६ अंशांवरून क्षितिजावर टेकायला त्याला २५ ते ३० मिनिटे लागतात, तर लंडनमध्ये ऋतुमानाप्रमाणे ४० ते ५० मिनिटे. त्यामुळे संध्याकाळच्या फोटोंसाठी सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी पोचून सर्वांचे एकत्र फोटो उरकावेत आणि शेवटचा अर्धा तास एकेकट्याच्या पोर्ट्रेटसाठी राखावा.

सूर्यास्ताची वेळ गृहीत धरूनही चालत नाही. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासात उलटून जातात. नागपूर मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्याने तिथे सूर्य २० ते ३० मिनिटे आधी मावळतो. ठरलेल्या गावाची आणि तारखेची वेळ मोबाइलवर किंवा पंचांगात पाहून घेणे हाच उपाय.

ऋतूप्रमाणे दुपारचे गणितही बदलते. मे महिन्याच्या मध्याला मुंबई-पुण्यात माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. डिसेंबरच्या अखेरीस मात्र मुंबईत भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही. म्हणून हिवाळ्यात सकाळी साडेनऊ-दहापर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर उघड्यावर निवांत काम करता येते. उन्हाळ्यात हीच मुभा सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच मिळते.

दुपारशिवाय वेळच नसेल तर सावली शोधावी. वाड्याची ओसरी, कौलारू घराची पडवी, देवळाचा सभामंडप किंवा इमारतीचे प्रवेशद्वार अशा ठिकाणी उन्हाच्या कडेपासून एक-दोन पावले आत, तोंड बाहेर करून माणसाला उभे केले की आभाळाचा मऊ उजेड थेट चेहऱ्यावर येतो. झाडाखालची सावली मात्र फसवी असते. विरळ पानांतून पडणारे कवडसे चेहऱ्यावर ठिपके उमटवतात आणि ते नंतर पुसताही येत नाहीत. वड, आंबा, फणस अशी दाट पानांची झाडेच या कामाला उपयोगी पडतात.

पावसाळ्यातले ढगाळ आभाळ हा पोर्ट्रेटसाठी मोठा आधार आहे. संपूर्ण आभाळच उजेड देत असल्याने सावल्या जवळपास नाहीशा होतात आणि दिवसभरात कोणतीही वेळ चालते. फक्त करड्या आभाळाचा मोठा तुकडा चौकटीत येऊ देऊ नये. फोटो फिका पडतो. हा उजेड वरून येतो, म्हणून हनुवटी किंचित उचलायला सांगितली की डोळे उजळतात.

जागा पाहताना पहिला प्रश्न तिच्या दिशेचा असतो. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे त्या दर्शनी बाजूवर थेट ऊन पडत नाही आणि तिथे दिवसभर सौम्य उजेड मिळतो. वेरूळचे कैलास लेणे पश्चिमाभिमुख आहे. तिथे सकाळी दर्शनी बाजू सावलीत असते, ऊन दुपारनंतर येते. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत पश्चिमेचा डोंगर आणखी एक अडथळा ठरतो. डोंगरमाथा क्षितिजापासून १० अंश उंच असेल तर सूर्य पंचांगातल्या वेळेच्या ४० ते ४५ मिनिटे आधीच दिसेनासा होतो. शिवाय सूर्य ठीक पश्चिमेला मावळतो तो वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये तो मुंबईहून पाहताना सुमारे २५ अंश उत्तरेकडे आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात पाहून ठेवलेली जागा हिवाळ्यात तसाच उजेड देईल असे नाही.

कोकण आणि गोव्याचा किनारा पश्चिमेला असल्याने सूर्यास्ताच्या फोटोंसाठी तो हमखास निवडला जातो. पण तिथे घड्याळासोबत तिथीही पाहावी लागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा दर्यावर्दींचा जुना आडाखा आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी भरलेले आणि पुळण अरुंद झालेली. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास येते आणि साधारण सहा तासांनी ओहोटी लागून पुरती होते. त्यामुळे त्या दिवसांच्या आसपास सूर्यास्ताच्या वेळी रुंद, ओली पुळण मोकळी असते आणि तिच्यात आकाशाचे प्रतिबिंबही मिळते. पावसाळ्यात मात्र उधाणाच्या पाण्यापासून आणि ओल्या खडकांपासून दूरच राहावे.

दुसरा प्रश्न पार्श्वभूमीचा. पार्श्वभूमी जितकी साधी आणि जितकी लांब, तितका चेहरा उठून दिसतो. डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब, दुकानाची भडक पाटी, मागे लावलेल्या दुचाक्या हे सगळे एक-दोन पावले सरकून टाळता येते, पण त्यासाठी सरकायला जागा हवी. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरच्या लेन्सने उभ्या माणसाचा पूर्ण फोटो घ्यायचा तर सुमारे ५ मीटर अंतर लागते. त्याच्या मागे आणखी काही मीटर मोकळे असले तर पार्श्वभूमी धूसर होते. अरुंद गल्लीत हे जमत नाही. तिथे अर्ध्या उंचीचे फोटो काढणेच सोयीचे.

आजूबाजूचे रंगही चेहऱ्यावर उतरतात. हिरवळीत बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवट झाक येते, कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीजवळ कातडी तांबूस दिसते. पांढरी भिंत किंवा कोरडी वाळू उजेड परतवून डोळ्यांखालच्या सावल्या भरून काढते. कपडे निवडताना हे ध्यानात ठेवावे: गर्द हिरव्या पार्श्वभूमीवर हिरवी साडी हरवते, तर पिवळी किंवा मोतिया उठून दिसते. फुलांची सोबत हवी असेल तर पळसासाठी फेब्रुवारी-मार्च, बहाव्यासाठी एप्रिल-मे आणि गुलमोहरासाठी मे हे महिने धरावेत. कास पठार ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलते. तिथे फुलांत शिरून बसणे किंवा ती तुडवणे मना आहे. फोटो ठरवून दिलेल्या वाटेवरूनच घ्यावा.

उजेड कितीही चांगला असला तरी समोरचा माणूस कंटाळलेला असेल तर फोटो फसतो. लहान मुलाची झोप आणि जेवण झाल्यावरची वेळ धरावी, मग सूर्य थोडा वर असला तरी चालेल. त्यासाठी सावलीची जागा निवडता येते. वयस्क माणसांना किल्ल्याच्या पायऱ्या चढायला लावू नये. कपडे बदलायला आडोसा, पाणी, स्वच्छतागृह आणि गाडी उभी करायची सोय जवळ आहे का, हे आधी पाहावे. गर्दीच्या ठिकाणी शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळून आठवड्यातली सकाळ घ्यावी. अनोळखी लोकांसमोर संकोचणाऱ्या माणसाचे फोटो घराच्या खिडकीजवळही सुरेख येतात.

परवानगीचा विषय शेवटच्या दिवसावर ढकलू नये. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला किंवा व्यावसायिक चित्रीकरणाला पूर्वपरवानगी लागते. अशा वास्तू साधारण सूर्यास्तालाच बंद होतात, त्यामुळे मावळतीनंतरचा निळसर उजेड तिथे मिळत नाही. साप्ताहिक सुट्टीही असते. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते. उद्याने, रेल्वे फलाट, देवस्थाने आणि खासगी वाडे यांचे नियम वेगवेगळे आहेत, तेव्हा तिथल्या व्यवस्थापनाला आधी विचारावे.

ठरवण्याचा क्रम असा ठेवला तर घोळ होत नाही : आधी फोटो कोणाचे आहेत ते, मग त्या माणसांना झेपणारी वेळ, मग त्या वेळी चांगला उजेड मिळणारी जागा. जागा नक्की करण्याआधी चार-आठ दिवस, ठरलेल्या तासालाच तिथे एक फेरी मारावी. सोबतच्या कुणाला उभे करून त्याला सावकाश एक गिरकी घ्यायला सांगावे आणि कोणत्या दिशेला डोळे सर्वांत स्वच्छ दिसतात ते मोबाइलवर टिपून ठेवावे. एवढी तयारी असली की साध्या मोबाइलवरही चांगले पोर्ट्रेट मिळते. ती नसेल तर महागड्या लेन्सचाही फारसा उपयोग होत नाही.