२८ हजार एकरांच्या घरातले गुपित

अमेरिकेच्या दक्षिणेतले मिसिसिपी राज्य पूर्वापार कापसाचे. तिथल्या एका जमीनदार घराची गोष्ट रिचर्ड ब्रुक्सने १९५८ साली 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ', म्हणजे तापल्या पत्र्यावरची मांजर, या चित्रपटात दाखवली. मूळ नाटक टेनेसी विल्यम्सचे.

म्हाताऱ्याची जमीन २८ हजार एकर. त्याला कर्करोग झालेला. पण वाढदिवसाला त्याला सांगतात, आतड्याचा साधा विकार आहे. (आपल्याकडेही सातबारा ज्याच्या नावावर, त्यालाच दुखणे शेवटी कळते.) मृत्युपत्र नाही. वकील असलेला थोरला मुलगा कागद तयार करून बसलाय. धाकटा ब्रिक दारूत बुडालेला. बायकोने आपल्या मित्राशी संबंध ठेवले, असा त्याचा संशय. मित्र मेला, संशय राहिला. तो विचार तिच्या मनात आला होता, पण ती मागे फिरली. नवरा ऐकून घेत नाही.

बापाला खरे कळते ते ब्रिकशी भांडताना. मग तळघरात, युरोपातून आणलेल्या महागड्या वस्तूंच्या ढिगात, बाप-लेक बोलतात. म्हाताऱ्याचा बाप भटक्या होता. त्याने मुलासाठी मागे ठेवली एक जुनी पेटी. त्या बापाची आठवण काढताना म्हातारा हसतो.