सीडी लेखन, लिनक्स संगणकावरील
सीडी लेखन, लिनक्स संगणकावरील : लिनक्स या मुक्त परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकास सीडी लेखक (व्यवहारातील नाव ‘सीडी रायटर’) जोडून कोऱ्या तबकडीवर लेसर किरणाने माहिती नोंदविण्याची क्रिया. विसाव्या शतकाच्या अखेरीस व पुढील दशकात तिला विशेष महत्त्व होते. दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदास ५६ हजार बिट या कमाल वेगाने एक भरलेली तबकडी उतरवून घेण्यास २९ तास लागत. त्यामुळे लिनक्स प्रणाली स्वतःच बहुधा तबकडीवरून हातोहात पसरली. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील हौशी संगणकधारक कोऱ्या तबकड्या व सुटे भाग यांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोडची वाट धरीत.

तबकडी : हिचा व्यास १२ सेंमी. व जाडी १.२ मिमी. असते. पॉलिकार्बोनेटावर रंजकद्रव्याचा लेप व त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा परावर्तक थर असतो. सु. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रखर किरणाने रंजकद्रव्य तापते व त्या ठिकाणचे परावर्तन कमी होते. वाचनाच्या वेळी क्षीण किरण हाच फरक टिपतो. नोंद आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल मार्गावर होते. एकपट वेगाने सेकंदास २,०४८ बाइटांचे ७५ खंड, म्हणजे १,५३,६०० बाइट लिहिले जातात. ८० मिनिटांची तबकडी आठपट वेगाने सु. १० मिनिटांत भरते.

अखंडता : हा किरण मध्येच थांबविणे मूळ रचनेत गृहीत धरलेले नव्हते. लेखकाच्या अंगी माहितीचा लहानसा साठा असतो. तो २ मेगाबाइटांचा असल्यास आठपट वेगाला पावणेदोन सेकंदांत रिता होतो. तेवढ्या अवधीत संगणक दुसऱ्या कामात गुंतला, की तबकडी वाया गेली. २००० साली सान्यो कंपनीने थांबलेल्या जागेपासून लेखन पुन्हा जोडून घेण्याची युक्ती आणली व हा दोष बव्हंशी संपला. मात्र वीजच गेली तर ही युक्ती निरुपयोगी ठरते. मुंबई शहर भारनियमनापासून मुक्त असताना, राज्य विद्युत मंडळाच्या व २००५ पासून महावितरणच्या पुरवठ्यावर अवलंबून असलेल्या ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरास मात्र त्याची झळ बसली. तेथे भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच लेखनास बसणे, किंवा विद्युत् घटावर चालणारा यूपीएस बाळगणे, हाच खरा उपाय होता.

प्रणालीशी जुळणी : लिनक्सवरील लेखनाचे प्रमुख साधन म्हणजे यॉर्ग शिलिंग यांचा ‘सीडीरेकॉर्ड’ हा कार्यक्रम. तो स्कझी पद्धतीच्या आज्ञा देई. घरगुती संगणकातील स्वस्त लेखक आयडीई तारेने जोडलेले असत. त्यांनाही मूलतः तशाच आज्ञा समजत, परंतु लिनक्सचा गाभा त्यांना निव्वळ वाचकयंत्र मानून वेगळ्या चालकाच्या हाती सोपवी. म्हणून २.४ पर्यंतच्या आवृत्त्यांत ‘आयडीई-स्कझी’ हा दुभाषी चालक मध्ये घालावा लागे. दुसऱ्या तारेवरील मुख्य उपकरणासाठी आरंभीच्या सूचनेत ‘एचडीसी=आयडीई-स्कझी’ असे नोंदवीत. ‘लिलो’ हा प्रारंभक वापरणाऱ्याने ही नोंद करूनही लिलोची आज्ञा पुन्हा चालविली नाही, तर बदल लागू होत नसे. कित्येकांची संध्याकाळ एवढ्याशा विस्मरणात गेली असावी. यानंतर ‘स्कॅनबस’ आज्ञेने लेखकाचा तीन अंकी पत्ता मिळे. किरण मंद ठेवून रंगीत तालीम करण्याची सोयही सीडीरेकॉर्डमध्ये आहे. डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीपासून दुभाष्याची गरज उरली नाही. पुढील वर्षी २.६.८ आवृत्तीने सामान्य वापरकर्त्याच्या काही आज्ञा सुरक्षिततेसाठी अडविल्या, तेव्हा चालत असलेले लेखक पुन्हा हटून बसले. अलीकडील प्रणालींत लेखक आपोआप ओळखला जातो. ‘के३बी’ सारख्या खिडकीयुक्त कार्यक्रमातून आज्ञा न लिहिता काम होते.

देवनागरी नावे : लेखनापूर्वी सर्व धारिकांची एकसंध प्रतिमा बनवितात. आयएसओ ९६६० या मानकाच्या पहिल्या पातळीवर नावास ८ व त्याच्या पुच्छास ३ रोमन अक्षरांची मर्यादा आहे. मराठी नाव त्यात बसतच नाही. यासाठी ‘रॉक रिज’ व ‘जोलिएट’ या पुरवण्या एकत्र जोडणे इष्ट. जोलिएटमध्ये ६४ चिन्हे चालतात. परंतु काना, मात्रा व अनुस्वार स्वतंत्र मोजले जातात. ‘डोंबिवली’ ही डोळ्यांना चार अक्षरे असली, तरी चिन्हे आठ व यूटीएफ-८ पद्धतीत बाइट चोवीस होतात. प्रतिमा बनविताना ही पद्धती स्पष्ट न सांगितल्यास प्रत्येक बाइट वेगळे चिन्ह समजला जाऊन निरर्थक नावे उमटण्याचा संभव असतो.

जतन : रंजकद्रव्य प्रकाश, उष्णता व आर्द्रता यांनी विटते; परावर्तक थर लाखेच्या पातळ लेपाखाली असल्याने ओरखड्यांनी व दमटपणाने बिघडतो. खाडीकाठच्या हवेत हा धोका दुर्लक्षणीय नाही. लग्नाची छायाचित्रे, संस्थांची इतिवृत्ते वा आजोबांचा आवाज असलेल्या त्या काळातील तबकड्या अद्याप कपाटात असतील, तर त्यांची प्रत विनाविलंब काढून घ्यावी. नव्या अंकसंगणकांत तबकडीची खाच बहुधा नसते. यूएसबीने जोडावयाचा बाह्य लेखक वाचनासाठी पुरेसा होतो. कुरबुर करणाऱ्या तबकडीसाठी ‘डीडीरेस्क्यू’ हा कार्यक्रम उपयुक्त आहे. तो आधी सहज वाचता येणारे भाग उचलतो, अडलेल्या खंडांची नोंद ठेवतो व त्यांवर नंतर पुनःपुन्हा प्रयत्न करतो. एका यंत्रात न वाचलेले खंड दुसऱ्यात वाचले जाण्याची शक्यता असते, म्हणून ती नोंदीची धारिका जपून ठेवावी.