लग्न आणि निवड: कॅरिबियन बेटांवरून एक प्रश्न

माणूस आपल्या आयुष्याचे निर्णय स्वतः घेतो, की त्याची संस्कृती त्याच्याकडून ते घेववते? हा प्रश्न आपण बहुधा हवेतच चघळत बसतो. आज तो जमैका आणि त्रिनिदाद या दोन कॅरिबियन बेटांवर नेऊन पाहू. आणि निर्णयही एकच घेऊ, लग्नाचा.

आधी जमैका. विसाव्या शतकात तिथल्या कष्टकरी वर्गात जोडपी वर्षानुवर्षे एकत्र राहत, मुले होत, आणि लग्न झालेच तर पुष्कळदा उतारवयात होई. ब्रिटिश अंमलदारांनी आणि पाद्र्यांनी याचा सरळ अर्थ लावला: या लोकांना लग्नाची किंमत नाही. १९४०च्या दशकात गव्हर्नरच्या पत्नी लेडी हगिन्स यांच्या पुढाकाराने जोडप्यांची लग्ने लावून देण्याची मोठी मोहीम निघाली. लग्नांचा आकडा थोडा चढला, काही वर्षांत पुन्हा उतरला, आणि मोहीम विरून गेली. असे का झाले?

जमैकाच्याच एडिथ क्लार्क यांनी तीन वस्त्यांचा अभ्यास करून १९५७ साली ‘माय मदर हू फादर्ड मी’ हे पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते असे: जिथे कुटुंबांकडे स्वतःची जमीन आणि घर होते, तिथे लग्ने रीतसर होत होती. ऊसमळ्यावर हंगामापुरते मजूर येत, तिथे ती क्वचित होत. म्हणजे लग्न ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. त्यासाठी घर हवे, समारंभ हवा, बायकोला बाहेर राबावे लागू नये एवढी मिळकत हवी. ते जमेपर्यंत थांबायचे. आता बघा, किंमत नव्हती म्हणून लग्न टळत नव्हते. किंमत फार होती म्हणून ते लांबत होते!

मग मुलांचे काय? त्यांना आई आणि आजी सांभाळत. याची मुळे शोधताना अभ्यासक बहुधा गुलामगिरीपर्यंत जातात. मालक कुटुंबातल्या माणसाला कधीही विकू शकत होता. अशा वेळी बापाचे नाते कायद्याच्या आधाराने टिकणे अवघडच. १८३८ साली पूर्ण मुक्ती मिळाली, तरी आजीच्या घराचा आधार राहिला. पुढे आई कामासाठी किंग्स्टनला किंवा इंग्लंडला गेली, तेव्हा मुले याच घरात वाढली. परदेशी जाण्याचा तिचा निर्णय तिचाच होता. पण मागे आजी आहे, या भरवशावर तो उभा होता.

आता त्रिनिदादला जाऊ. इथे १८४५ पासून करारबद्ध भारतीय मजूर येऊ लागले, त्यांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्यात लग्न लवकर होई, घरचे ठरवत, पंडित लावत. जमैकाच्या अगदी उलट चित्र. पण नुसत्या धार्मिक विधीने झालेला हिंदू विवाह तिथल्या कायद्याला १९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मान्यच नव्हता. त्यामुळे अग्नीसमोर लग्न केलेल्या आईबापांची मुलेही सरकारदरबारी अनौरसच ठरत आणि वारसाहक्काला अडचण येई.

हे नीट लक्षात घेऊ. एका बेटावर लग्न लांबवणारे, दुसऱ्यावर लवकर लावणारे. मूल्ये वेगळी, निवड वेगळी. नोंदवहीत शिक्का मात्र एकच. नोंद करणाऱ्याने माणसाची निवड पाहिली, पण त्या निवडीमागचे मूल्य पाहिले नाही. त्याची शिक्षा भोगली ती मुलांनी. जमैकात औरस-अनौरस हा कायदेशीर भेद पुसायला १९७६ साल उजाडावे लागले.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे: संस्कृती माणसाचा निर्णय घेत नाही. कशाला मान आहे, कशासाठी थांबावे, अडचणीत कुणाकडे पाहावे, एवढे ती सांगते. पण हातात जमीन आहे की हंगामी मजुरी, हे संस्कृती ठरवत नाही. एकच मूल्य मानणारी दोन माणसे म्हणूनच दोन वेगळे निर्णय घेतात. त्यामुळे एखाद्याची निवड आपल्याला खटकली, तर ‘यांना मूल्येच नाहीत’ असे म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारू या: हा माणूस कशाला मानतो, आणि त्याप्रमाणे वागणे त्याला परवडते का?