१२ अधिक ८ बरोबर १२८?

बीडच्या मंडळींनो, जावास्क्रिप्ट शिकताय? कापसाच्या वजनाची बेरीज करणारं साधं पान बनवून बघा. इंग्रजी आकड्यांत १२ आणि ८ क्विंटल टाका, उत्तर येईल १२८! बॉक्समधून येतो तो मजकूर, आकडा नव्हे. आधी तो ‘नंबर’ फंक्शनमधून काढा.

खरी गंमत पुढे. गेवराईच्या शेतकऱ्याने मराठी कीबोर्डवरून वजन टाकलं की हेच फंक्शन ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’, म्हणतं. देवनागरी अंक त्याला कळतच नाहीत. बॉक्स टेक्स्टचाच ठेवा, प्रत्येक देवनागरी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा करा, मिळालेले अंक जोडून मग ‘नंबर’ला द्या.

बटण दाबून काहीच होत नाही? बाहेरच्या फाइलच्या स्क्रिप्ट टॅगला ‘डिफर’ लावून बघा. तरीही अडलं तर एफ१२ दाबा आणि कोणाला विचारण्याआधी कन्सोलमधली लाल ओळ नीट वाचा.