कोळशातील नत्र व क्ष-किरणांची परीक्षा

नांदेड-लातूरकडे सुगी आटोपली म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या व सोयाबीनचे भुसकट बांधावर पडून राहते. ते उघड्यावर जाळण्यापेक्षा हवा कोंडून त्याचा कोळसा करावा व तो जमिनीत घालावा, असे अलीकडे सुचविण्यात येते. अशा कोळशाच्या पृथक्करणात नत्राचा आकडा पाहून युरियाची मात्रा तितकी कमी करण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु नत्र किती, एवढे कळल्याने तो कोणत्या रूपात आहे हे कळत नाही. आणि पिकाचा संबंध त्या रूपाशीच येतो.

हे रूप ओळखण्याचे एक नामी साधन म्हणजे क्ष-किरणांचे शोषण होय. प्रत्येक मूलद्रव्य ठराविक शक्तीचा किरण येताच तो एकाएकी अधिक शोषू लागते. कर्बाची ही मर्यादा सुमारे २८४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर नत्राची सुमारे ४०० आहे. म्हणून कर्बाच्या राशीतील थोडा नत्रही निराळा पाहता येतो. शिवाय नत्राच्या अणूचे शेजारी बदलले की ही खूण किंचित सरकते. सहा अणूंच्या कड्यात, काठावर बसलेला नत्र ३९८ ते ३९९ च्या सुमारास दिसतो. तीन कर्ब-अणूंनी वेढलेला ४०१ च्या आसपास. इतका सूक्ष्म भेद दवाखान्यातील यंत्राने कळणे नाही. त्यासाठी सिंक्रोट्रॉन लागतो. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात असे इंडस-२ हे यंत्र २००५ साली सुरू झाले. त्यात २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरविले जातात, व वळताना ते किरण टाकतात. नत्रास लागणारे किरण इतके मृदू असतात की हवाच ते गिळते. सबब नमुना निर्वात पेटीत ठेवावा लागतो. पूड मात्र चिमूटभर पुरते.

निरनिराळ्या देशांतील अशा परीक्षांतून दिसून आले आहे की, मंद आचेच्या कोळशात प्रथिनांतील नत्राचा काही अंश मूळ बांधणीत टिकतो. आच ५००-६०० अंशांवर गेली की उरलेला बहुतेक नत्र कर्बाच्या कड्यांत गुंफला जातो. तो जीवाणूंना सहजासहजी फोडता येत नाही. विद्युत्घटांवर काम करणारे संशोधक प्लॅटिनमची जागा भरून काढण्यासाठी असा नत्र कर्बात मुद्दाम घालतात. त्यांचा गुण तो आपला दोष, इतकेच!

तेव्हा कोळशातील नत्र खताच्या हिशेबात धरू नये. कोळसा उकिरड्यात शेण-गोमूत्राबरोबर मुरविल्यास त्यावर अमोनियाचा काही अंश धरून राहतो; पिकास उपयोग होईल तो त्याचा. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनी मुळातच विम्लधर्मी आहेत व असा राखमिश्रित कोळसाही बहुधा तसाच असतो. यास्तव माती तपासून, पहिल्या वर्षी तो एखाद्या गुंठ्यातच घालून पाहावा.